प्रार्थनेत हसणारा नवरदेव

माझ्या आसाबी आत्याचं दुसरं लग्न मोडायला निघालं ते नवरदेवाच्या हसण्यामुळे. नवरदेव म्हणजे साठी ओलांडलेले श्रीयुत दुरोजाये. इबादान शहराच्या वेशीबाहेर त्यांचा गोगलगायींचा मळा आहे. मुठीएवढ्या गोगलगायी पाळायच्या, त्यांना पपईची पानं खायला घालायची आणि हॉटेलांना विकायच्या, हा त्यांचा धंदा. आत्या विधवा, पंचावन्नची, ओजे बाजारात हातमागाचं कापड विकते. हे गृहस्थ तिच्या दुकानात एकदा कापड घ्यायला आले आणि मग कापड घेतच राहिले. "एका माणसाला इतके झगे कशाला लागतात गं?" असं मी विचारलं, तेव्हा आत्या लाजली. पंचावन्नाव्या वर्षी लाजणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली, आणि मला ती फार आवडली.

रीतीप्रमाणे मुलाकडचे ओळख करून घ्यायला आमच्या घरी आले. घराण्यात थोरले माझे बाबा. ते हो म्हणाले तर लग्न, नाही म्हणाले तर मुकाट्याने निरोप. आत्याने दोन दिवस बसून डोक्यावर बारीक वेण्या घालून घेतल्या होत्या. दुरोजाये आले, बाबांसमोर जमिनीवर छाती टेकवून पालथे झाले, "उठा" म्हटल्यावर उठले. आता या वयात इतकं पालथं होणं सोपं नाही; गुडघे कुरकुरल्याचं मला मागच्या खुर्चीवर ऐकू आलं. मला वाटलं, झालं, जमलं.

मग बाबांनी आत्याच्या दिवंगत नवऱ्यासाठी प्रार्थना सुरू केली. सगळ्यांनी डोळे मिटले. बाबा मात्र प्रार्थनेतही एक डोळा उघडा ठेवतात, कोर्टातली सवय. त्या डोळ्याला दिसलं ते असं: दुरोजाये डोळे मिटून उभे आहेत आणि त्यांच्या तोंडाचा डावा कोपरा वर वर चालला आहे. बाबा म्हणाले, "हे देवा, त्या सज्जन माणसाच्या आत्म्याला शांती दे," आणि हे गृहस्थ कानापर्यंत हसले.

प्रार्थना संपली आणि बाबा आपल्याकडेच बघतायत हे कळल्यावर ते बिचारे गडबडले आणि समोर माझी आई उभी होती तिच्याकडे बघून ओशाळं हसू हसले. हसल्याबरोबर त्यांचा डावा डोळा मिटला. म्हणजे बाबांच्या देखत, बाबांच्या बैठकीत, बाबांच्या बायकोला त्यांनी डोळा मारला.

खरी गोष्ट अशी की काही वर्षांपूर्वी त्यांच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूची नस सुजली आणि अर्धा चेहरा लोंबला. पुढे ती नस परत वाढली खरी, पण वाढताना गोंधळ झाला. वायरमनने पंख्याची तार दिव्याच्या बटणाला जोडावी तसं. डोळा मिटला की तोंड वर जातं, आणि हसले की डोळा मिटतो. आता त्यावर इलाज नाही. हे त्यांनी सांगितलं, आत्याने सांगितलं, मीही सांगितलं. पण बाबांचा चेहरा एव्हाना कुलूप झाला होता. त्यांनी पाहुण्यांना, त्यांनी भेट आणलेल्या गोगलगायींच्या टोपलीसकट, निरोप दिला. गडबडीत टोपली ओसरीवर कलंडली आणि पुढचे दोन दिवस आमच्या भिंतींवर गोगलगायी सापडत होत्या. आईने त्या मिरची घालून परतल्या. बाबांनी दुसऱ्यांदा वाढून घेतल्या. त्या कुणाच्या हे त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही.

बाबांचं म्हणणं साधं होतं. ते तीस वर्षं न्यायालयात कारकून होते. आरोपी दारातून आत आला की यांना कळायचं म्हणे.

"आपले पूर्वज काय म्हणून गेले?" ते मला म्हणाले. "शील हेच रूप. मग रूप बघितलं की शील कळलंच ना?"

"बाबा, बोकडाला चार पाय असतात म्हणून तुमचं हे टेबल बोकड होतं का? पूर्वज म्हणाले, माणूस चांगला असला की सुंदर दिसायला लागतो. तुम्ही ते उलटं करून बसलात!"

"चांगल्या माणसाचा चेहरा थंड असतो. जुन्या लाकडी मूर्ती बघ. एक रेष हलत नाही. आणि याचा चेहरा? बाजार भरलाय नुसता."

"त्यांना आजार झाला होता!"

"आजार बरा झाला ना? मग हसू का नाही बरं झालं? मला पाहताक्षणी पोटात कळ आली, मोरायो. ही कळ तीस वर्षांत खोटी ठरली नाही."

मोरायो म्हणजे मी. मला राग लवकर येतो, आणि या बाबतीत तर माझा हक्कच होता. कारण ती 'कळ' हाच माझा धंदा आहे. मी विद्यापीठात मानसशास्त्र शिकवते, आणि माणसाला काय सुंदर वाटतं नि काय चांगलं वाटतं, या दोन गोष्टी डोक्यात एकमेकींच्या किती जवळ राहतात हे शोधते. फार जवळ राहतात. एवढ्या जवळ, की शेजारणीसारख्या एकमेकींच्या घरात न विचारता शिरतात. देखणा माणूस दिसला की डोकं परस्पर ठरवून टाकतं, हा सज्जन असणार. वाकडा चेहरा दिसला की परस्पर ठरवतं, याच्यात काहीतरी खोट आहे. दिसतं तसं नसतं हे सगळ्यांना पाठ असतं, आणि तरीही जग फसतंच.

हे मी बाबांना जेवताना, टीव्ही बघताना, गाडीत, सगळीकडे सांगितलं. ते म्हणाले, "तुझ्या पुस्तकातल्या लोकांना येत नसेल चेहरा वाचता."

आत्या रडली नाही. पण दुकानात बसून ती कापडाच्या एकाच थानाची पुन्हा पुन्हा घडी घालत होती. मला म्हणाली, "दादाच्या मर्जीविरुद्ध मी जाणार नाही. आईबाप गेल्यावर त्यानेच मला वाढवलं. पण त्या माणसाशिवायही मला राहायचं नाही गं." मग जरा वेळाने विचारलं, "तुझं ते विद्यापीठातलं यंत्र डोक्यातलं दाखवतं ना?"

दुसऱ्या दिवशी ती बाबांसमोर जाऊन उभी राहिली. "दादा, तुमच्या डोक्याला क्षणात कळतं म्हणता. मग तुमच्या लेकीच्या यंत्रासमोर बसा. विद्यापीठालाही कळू दे तुमची विद्या."

या एका वाक्यावर बाबा तयार झाले. आपली परीक्षा आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांना वाटलं, सत्कार आहे. जरीकाम केलेला मोठा झगा घालून, उंच टोपी एका कानावर कलती करून ते माझ्या प्रयोगशाळेत आले. मागोमाग आत्या. दुरोजायेही तिच्याबरोबर आले होते, पण आत यायचा धीर त्यांना झाला नाही. ते बाहेरच्या बाकावर बसून राहिले.

पहिली अडचण टोपीची. माझ्या यंत्राची टोपी डोक्याला नीट चिकटावी लागते. तिच्यातल्या बटणांतून डोक्यातल्या विजेच्या बारीक लहरी टिपल्या जातात.

"मुलीसमोर बोडका बसू?" बाबा म्हणाले.

"बाबा, तुमचं टक्कल म्हणजे आमच्या शास्त्राला देणगी आहे. लोकांच्या केसांपायी आमचा अर्धा दिवस जातो."

हे त्यांना आवडलं. डोक्यावर चिकट मलम लावून घेताना ते ऐटीत बसले होते. पडद्यावर चेहरे येऊ लागले: सुबक, साधे, भाजल्याचे डाग असलेले, वाकडे, आणि त्यांतच अधूनमधून दुरोजायेंचा. तेच चेहरे क्रम बदलून पुन्हा पुन्हा येत होते, म्हणजे एखाद्या वेळची योगायोगाची लहर धरली जाऊ नये. प्रत्येक चेहऱ्यानंतर त्या माणसाबद्दल एक ओळ यायची. याने सापडलेलं पाकीट परत दिलं. याने भावाला फसवलं. शेवटी यंत्राने सगळं मिळवून रेघा काढल्या. वाकड्या चेहऱ्यांना बाबांची रेघ पापणी लवायच्या आत टुणकन उडाली होती. म्हणजे डोकं दचकलं होतं, ओळ वाचायला मिळण्याच्या आधीच. दुरोजायेंना तर सगळ्यांत उंच.

"बघा बाबा!" मी विजयाने म्हणाले. "माणूस कसा आहे हे वाचायच्या आधीच तुम्ही उडालात."

बाबा पडद्याजवळ गेले, चष्मा पुसला, रेघ नीट न्याहाळली, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"वाचायच्या आधीच! मग मी काय म्हणत होतो? याची छापील प्रत मिळेल का?"

मी कपाळावर हात मारला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ज्याला मी दोष म्हणत होते तो त्यांनी पदकासारखा छातीवर लावला.

"आता मला बसव," आत्या म्हणाली.

"आत्या, तुझ्या वेण्या. त्यांच्यावरून ही टोपी बसायची नाही, सोडाव्या लागतील."

"मग सोड."

दोन दिवस बसून घातलेल्या वेण्या मी आणि तिने मिळून सोडल्या. केस चहूबाजूंनी उभे राहिले. मी ते पांगवून, मलम लावून, कशीबशी टोपी बसवली. बाबा मध्ये मध्ये म्हणत होते, "कशाला हा उपद्व्याप? तिला तर तो आवडतोच." मलाही तेच वाटत होतं. आत्याची रेघ सपाट येईल, किंवा खुशीने झुळझुळेल, आणि मग बाबांना सांगता येईल की बघा, माणूस ओळखीचा झाला की कळ येत नाही. मी मनातल्या मनात भाषणही जुळवून ठेवलं.

रेघ आली. दुरोजायेंच्या चेहऱ्याला आत्याचीही रेघ उडाली होती. अगदी बाबांइतकीच, अगदी तितक्याच लवकर.

आत्या पडद्याकडे बघत राहिली.

"हे... हे माझं आहे?"

"आत्या, ही फक्त सुरुवात आहे. पुढे बघ, लगेच खाली आलीये, शांत झालीये. बाबांची शेवटपर्यंत वरच होती, तुझी—"

"आधी काय झालं ते बघ!" बाबा म्हणाले. पण ओरडून नाही. बहिणीचा चेहरा बघून त्यांचाच आवाज बसला. "आसाबी, तुझ्याही डोक्याला कळलंय. तूच ऐकत नाहीयेस."

आत्या खुर्चीत एवढीशी झाली होती. मला माझ्या यंत्राचा, माझ्या पदवीचा आणि स्वतःचा असा काही राग आला की वाटलं ती टोपी खिडकीतून फेकून द्यावी. मदत करायला गेले आणि त्या बाईच्या हातातलं एकुलतं एक सुख मीच काढून घेत होते.

तेवढ्यात दार वाजलं. दुरोजाये. भिंती पातळ आहेत आमच्या, त्यांनी सगळं ऐकलं असणार.

"माफ करा," ते बाबांसमोर वाकले. "मीही बसू का? सगळ्यांची बघितलीत, माझीही बघा. मग मी जातो."

बाबांनी हाताने 'बसा' अशी खूण केली. कोर्टात आरोपीला बोलायची संधी देतात तशी.

मी त्यांना टोपी घातली. चेहरे सुरू झाले. आम्ही तिघं मागे उभे होतो. यंत्राची रेघ यायला वेळ होता, पण आम्हाला तिची गरज पडली नाही. सुबक चेहरा आला, ते स्वस्थ बसले. भाजलेला चेहरा आला, जरा मान हलली. आणि त्यांचा स्वतःचा आला, तसा त्यांचा डावा हात आपसूक वर आला आणि त्याने गाल झाकला. पुढचा चेहरा आला, हात खाली. पुन्हा त्यांचा आला, पुन्हा हात वर. मी सांगितलं होतं, हलू नका. ते प्रत्येक वेळी "माफ करा" म्हणायचे आणि प्रत्येक वेळी हात वर यायचा.

मग रेघ आली. स्वतःच्या चेहऱ्याला त्यांची रेघ आम्ही आत्तापर्यंत बघितलेल्या सगळ्या रेघांपेक्षा वर गेली होती.

"मला माहीत होतं," दुरोजाये म्हणाले. "घरातला आरसा मी भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. दाढी बोटांनी चाचपत करतो. तुमच्या सूनबाईंना, म्हणजे यांच्या आईंना, मी डोळा मारला नाही हो. पण मारल्यासारखा दिसला असणार, आणि घरी जाऊन ते आरशात बघायचाही मला धीर झाला नाही." ते टोपीचे बंद सोडायला लागले. "आसाबीबाईंचं काही चुकलं नाही. मलाच सवय झालेली नाही, तर त्यांना कुठून होणार?"

घाबरून त्यांनी आईला बाबांची सून करून टाकलं होतं. कुणी हसलं नाही.

बाबा तसेच उभे होते. मग त्यांनी एक खुर्ची ओढली आणि दुरोजायेंच्या समोर, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल अशी ठेवून बसले. बराच वेळ त्यांनी त्या चेहऱ्याकडे बघितलं. डोळा मिटला, तोंड वर गेलं, उघडला, खाली आलं. बाबा बघतच राहिले. मी माझ्या वडिलांना एखाद्या माणसाकडे इतका वेळ बघताना कधी पाहिलं नव्हतं.

"माझी रेघ उडाली," ते हळूहळू म्हणाले, जणू निकाल वाचून दाखवत होते. "मी म्हटलं, मला कळलं. मग आसाबीची उडाली. ती तर या माणसावर जीव टाकते. आता याची स्वतःचीच उडाली. मोरायो, सगळ्यांचीच उडते, तर मग मला वेगळं काय कळलं होतं?"

"काहीही नाही! हेच मी इतके दिवस सांगतेय!"

"मग नीट सांगायचंस." त्यांनी दुरोजायेंच्या खांद्यावर हात ठेवला. "तीस वर्षांत माझ्यासमोरून शेकडो लबाड गेले. देखणे होते, कुरूप होते. एकजात सगळे स्वतःवर खूश. आपल्याच चेहऱ्याला दचकणारा लबाड मी एकही पाहिला नाही. हा माणूस लबाड नाही."

आता बघा, मला गप्प बसता आलं असतं. काम झालं होतं. पण स्वभावाला औषध नसतं.

"बाबा, हे शास्त्राला धरून नाही! स्वतःचा चेहरा समोर आला की कुणाचीही रेघ उडते. तुमची उडेल, माझी उडेल. त्यावरून शील-बिल काही ठरत नाही. तुम्ही पुन्हा चेहऱ्यावरूनच—"

"गप्प बस," बाबा म्हणाले. "मी रेघ बघत नव्हतो. मी त्याचा हात बघत होतो."

मी निमूट यंत्र बंद केलं. असं वर्षातून एकदा होतं.

बाबांनी आत्याकडे बघितलं. "आसाबी, मी हो म्हणतो. पण आता तुझं काय? तू तिथे कोपऱ्यात का?"

आत्या कोपऱ्यातून निघाली. केस दाही दिशांना उभे, त्यांत मलमाचे पांढरे गोळे, कपाळावर टोपीचे गोल गोल वळ. ती दुरोजायेंच्या समोर येऊन उभी राहिली, तसा त्यांचा हात पुन्हा गालावर गेला.

"अहो, इकडे बघा. हात काढा गालावरचा. मी आत्ता कशी दिसते? खरं सांगा."

दुरोजायेंनी हात काढला. तिच्याकडे बघितलं. आणि ते हसायला लागले, डावा डोळा घट्ट मिटून, थांबताच येईना असं.

"भयंकर," ते म्हणाले.

"मग झालं तर," आत्या म्हणाली. "घरी जा आणि तो आरसा सरळ करा. माझी रेघ उडते ती उडू दे. रोज सकाळी आपण दोघं मिळून दचकू."